शब्द राखला, नाव सोडले

१९८० च्या डिसेंबरात ‘ऑल्टर्ड स्टेट्स’ हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याच्या श्रेयनामावलीत पटकथाकार म्हणून सिडनी आरन असे नाव होते. या नावाच्या लेखकाचे त्यापूर्वी एकही नाटक रंगभूमीवर आलेले नव्हते, की एकही पटकथा पडद्यावर आलेली नव्हती. चित्रपट ज्या कादंबरीवरून घेतला होता, ती मात्र पॅडी चायेफ्स्की या विख्यात नाटककाराची होती. आणि जाणकारांना हेही ठाऊक होते की, सिडनी आरन ही आईबापांनी चायेफ्स्कीचीच ठेवलेली दोन नावे होत. पटकथालेखनासाठी तीन ऑस्कर पारितोषिके, तीही कुणाशी वाटून न घेता, मिळविणाऱ्या या लेखकाने आपल्या अखेरच्या पटकथेवरून आपले प्रसिद्ध नाव काढून घेतले होते. पुढे आठ महिन्यांच्या आतच, १ ऑगस्ट १९८१ रोजी, न्यू यॉर्क येथे कर्करोगाने त्याचे निधन झाले. त्या वेळी तो ५८ वर्षांचा होता.

विलक्षण गोष्ट अशी की, लेखकाच्या शब्दांत कुणी ढवळाढवळ केली म्हणून हे घडले, असे म्हणता येत नाही. संवादांत बदल करता येणार नाही, असा करार चायेफ्स्कीने आधीच करून घेतला होता आणि दिग्दर्शकाने त्या कराराला उघडपणे धक्का लावला नव्हता. शब्द शाबूत असताना लेखकाने नाव का सोडावे? या प्रश्नाचे उत्तर चायेफ्स्कीच्या तीस वर्षांच्या कारकिर्दीत आहे. आणि लेखणीवर जगणाऱ्या कोणत्याही माणसाने ते समजून घ्यावे, अशा योग्यतेचे ते आहे.

दोन करार

अमेरिकेत नाटककार आणि पटकथाकार हे एकाच व्यवसायातले दोन भाऊ वाटले, तरी कायद्याने त्यांची घरे फार निराळी ठेवली आहेत. १९२६ साली ड्रॅमॅटिस्ट्स गिल्ड या नाटककारांच्या संघटनेने निर्मात्यांकडून किमान अटींचा करार मान्य करून घेतला. त्यानुसार नाटकाचे स्वामित्व लेखकाकडेच राहते. निर्माता फक्त प्रयोगाचे हक्क घेतो. लेखकाच्या संमतीवाचून संहितेतील वाक्य बदलता येत नाही. दिग्दर्शक आणि नट यांची निवड करतानाही त्याचा शब्द विचारात घ्यावा लागतो. हॉलिवूडची रीत याच्या नेमकी उलट. तेथे लेखक हा स्टुडिओचा पगारी माणूस. त्याने लिहिलेले सारे मालकाचे. इतके की, कायद्याच्या दृष्टीने त्या लेखनाचा कर्ता स्टुडिओच ठरतो. एकाने लिहावे, दुसऱ्याने खोडावे, तिसऱ्याने त्यात विनोद पेरावेत आणि चौथ्याने शेवट गोड करावा, हा तेथला शिरस्ता. त्याचा मोबदला मात्र रंगभूमीवर स्वप्नातही दिसणार नाही एवढा मिळत असे.

या पैशाच्या ओढीने अनेक नाटककार कॅलिफोर्नियात गेले. काहींनी आपला स्वाभिमान न्यू यॉर्कला ठेवून तेथे चाकरी केली. क्लिफर्ड ओडेट्ससारख्या बिनीच्या नाटककाराला तर हे दुहेरी आयुष्य जन्मभर सलत राहिले. चायेफ्स्कीने तिसरा मार्ग धरला. त्याने हॉलिवूड वर्ज्य मानले नाही आणि तेथली चाकरीही पत्करली नाही. रंगभूमीने नाटककाराला जो मान दिला तोच पडद्यावर मिळाला पाहिजे, असा त्याचा आग्रह होता, आणि हा आग्रह त्याने भाषणांतून न मांडता करारांच्या कलमांतून मांडला.

ब्राँक्सचा पॅडी

चायेफ्स्कीचा जन्म २९ जानेवारी १९२३ चा. युक्रेनमधून आलेल्या ज्यू कुटुंबात, न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात तो वाढला. १९४३ साली सिटी कॉलेजची पदवी घेऊन तो सैन्यात गेला. एका रविवारी पहाटे मुदपाकखान्याचे काम टाळण्यासाठी त्याने चर्चमध्ये प्रार्थनेला जाण्याची परवानगी मागितली. तू तर ज्यू आहेस, असे अधिकाऱ्याने म्हणताच, आपली आई आयरिश असल्याची थाप त्याने ठोकून दिली. अधिकाऱ्याने हसून त्याला ‘पॅडी’ हे अस्सल आयरिश नाव बहाल केले आणि तेच पुढे त्याला कायमचे चिकटले. जर्मनीत आखेनजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात तो जखमी झाला. इंग्लंडमधील इस्पितळात बरा होत असताना त्याने सैनिकांसाठी एक संगीतिका लिहिली. ती छावण्यांतून फिरली आणि लंडनच्या रंगमंचावरही आली. त्याच्या नाट्यलेखनाचा आरंभ असा रोग्याच्या खाटेवर झाला.

युद्धानंतर काही काळ त्याने काकाच्या छापखान्यात काम केले. गार्सन कॅनिन आणि रूथ गॉर्डन या लेखक दांपत्याने नाटक लिहिण्यासाठी त्याला ५०० डॉलर दिले, ते याच सुमारास. पुढे त्याची एक कथा हॉलिवूडने विकत घेतली आणि तिची पटकथा करण्यासाठी त्यालाही बोलावून घेतले. तेथे पोहोचल्यावर आपल्या मजकुरावर परस्पर फेरफार चालू असल्याचे त्याला आढळले. तो तडकाफडकी न्यू यॉर्कला परतला. त्या कथेवरून निघालेला ‘ॲज यंग ॲज यू फील’ हा १९५१ चा चित्रपट आता आठवतो तो त्यातील मॅरिलिन मन्रोच्या छोट्या भूमिकेमुळे. चायेफ्स्कीच्या मनात मात्र त्या अनुभवाने एक गाठ बसली, ती कधी सुटली नाही.

खाटकाची गोष्ट

अशा वेळी त्याला आसरा दिला तो दूरचित्रवाणी या नव्या माध्यमाने. १९५० नंतरच्या त्या चार-पाच वर्षांत न्यू यॉर्कहून तासाभराची नाटके थेट प्रक्षेपित होत असत. फिल्कोसारखी रेडिओसंच बनविणारी कंपनी त्यांचा खर्च उचलत असे. फ्रेड को या निर्मात्याने तरुण लेखकांना रंगभूमीवरील नाटककारासारखे वागविले. तालमींना लेखक हजर असे आणि त्याला विचारल्याशिवाय संहितेला हात लागत नसे. चायेफ्स्कीची प्रतिभा येथे फुलली. लहान पडदा, लहान खोली आणि जवळून दिसणारा चेहरा यांना साजेसे विषय त्याने निवडले. थोरामोठ्यांच्या शोकांतिका त्याने बाजूला ठेवल्या. छापखान्यातला म्हातारा जुळारी, लग्नाच्या खर्चाने हैराण झालेला बाप, एकटी पडलेली आई ही त्याची माणसे.

२४ मे १९५३ रोजी प्रक्षेपित झालेले ‘मार्टी’ हे या नाटकांतले शिरोमणी. ब्राँक्समधला एक मध्यमवयीन, जाडा, दिसायला ओबडधोबड खाटीक. घरात त्याने लग्न करावे म्हणून मागे लागलेली आई. आणि शनिवारची संध्याकाळ कशी घालवायची, या एकाच प्रश्नाभोवती घोटाळणारे त्याचे मित्र. नाचाच्या दिवाणखान्यात त्याला एक साधी शिक्षिका भेटते. तिलाही कुणी पसंत केलेले नसते. बस, एवढीच गोष्ट. एका हॉटेलच्या नाचघरात तालीम चालू असताना चायेफ्स्कीला भिंतीवरची एक पाटी दिसली होती. नाचासाठी विचारणाऱ्या पुरुषाला मुलींनी नकार देऊ नये, पुरुषांनाही मन असते, अशा अर्थाची ती सूचना होती. त्या पाटीतून हे नाटक जन्मले.

चित्रपटाची मागणी आली तेव्हा चायेफ्स्कीने अटी घातल्या. संहितेवर अधिकार आपला राहील आणि दिग्दर्शक म्हणून दूरचित्रवाणीवरचाच डेल्बर्ट मान असेल. बर्ट लँकेस्टरच्या संस्थेने त्या मान्य केल्या. थोडक्या पैशांत काढलेला हा चित्रपट १९५५ साली कान येथे सर्वोच्च मानाचा ठरला आणि त्याने चित्रपट, दिग्दर्शन, प्रमुख नट व पटकथा अशी चार ऑस्कर पारितोषिकेही पटकावली. लेखकाचा शब्द पाळल्याने चित्रपट बुडत नाही, याचा यापेक्षा मोठा पुरावा हॉलिवूडला मिळाला नसता. हॉलिवूडने तो पाहिला, टाळ्या वाजविल्या आणि आपली रीत मुळीच बदलली नाही.

अधिकार आणि अपयश

दूरचित्रवाणीवरील तो काळही फार टिकला नाही. जाहिरातदारांना दुःखी आयांपेक्षा सुखी कुटुंबे पसंत होती. थेट नाटके ओसरली आणि निर्मितीचे केंद्र कॅलिफोर्नियाकडे सरकले. चायेफ्स्की रंगभूमीकडे वळला. ‘मिडल ऑफ द नाइट’ या नाटकाचे १९५६ पासून ४७७ प्रयोग झाले. १९५९ च्या ‘द टेन्थ मॅन’चे ६२३ झाले. प्रार्थनेसाठी दहावा माणूस शोधणारे वृद्ध ज्यू आणि पिशाचबाधा झाल्याचे मानली गेलेली एक मुलगी यांची ही कथा टायरोन गथ्रीसारख्या दिग्दर्शकाने उभी केली होती. बायबलमधील आख्यानावर लिहिलेले ‘गिडियन’ १९६१ साली आले.

१९६४ मध्ये मात्र स्टालिनवर लिहिलेले ‘द पॅशन ऑफ जोसेफ डी.’ हे नाटक त्याने स्वतःच दिग्दर्शित केले, आणि ते १५ प्रयोगांत बंद पडले. या अपयशाकडे त्याच्या चाहत्यांनीही डोळेझाक करू नये. लेखकाला अधिकार मिळाला की कलाकृती आपोआप थोर होते, असा नियम नाही. मान किंवा गथ्री यांच्यासारखा दुसरा डोळा जेथे होता, तेथे चायेफ्स्कीची नाटके अधिक सरस ठरली. अधिकार हे यशाचे आश्वासन नव्हे. आपल्या चुका आपल्याच नावावर करता याव्यात, एवढीच त्याची हमी.

त्याच वर्षी आलेल्या ‘द अमेरिकनायझेशन ऑफ एमिली’ या चित्रपटात त्याने युद्धातील शौर्याच्या स्तुतिपाठाची खिल्ली उडविली. स्वतः रणांगणावर जखमी झालेल्या लेखकाने भित्रेपणाची केलेली ती वकिली अमेरिकेला तेव्हा पुरती पचली नाही. पुढे ‘पेंट युअर वॅगन’ या १९६९ च्या खर्चिक संगीतपटासाठी त्याने केलेले काम इतके बदलले गेले की, पडद्यावर त्यातले फारसे काही उरले नाही. जुनी गाठ पुन्हा घट्ट झाली. यानंतर हॉवर्ड गॉटफ्रीड या निर्मात्याला जोडीला घेऊन चायेफ्स्कीने आपले चित्रपट आपणच उभे करायचे ठरविले.

वृत्तनिवेदकाचे वेड

या निर्धारातून ‘द हॉस्पिटल’ (१९७१) आणि ‘नेटवर्क’ (१९७६) हे दोन चित्रपट निघाले. पहिल्यात न्यू यॉर्कमधील एक मोठे इस्पितळ आहे. तेथे रोगी रोगाने मरत नाहीत. नोंदीतल्या गोंधळाने, एकाचे उपचार दुसऱ्यावर केल्याने आणि कुणीच जबाबदार नसल्याने मरतात. चायेफ्स्कीला त्याचे दुसरे ऑस्कर याने मिळवून दिले. पण हाच चित्रपट वितरकांनी दुसऱ्या एका कमी चाललेल्या चित्रपटाबरोबर एकगठ्ठा करून दूरचित्रवाणीला दिला, तेव्हा चायेफ्स्की आणि गॉटफ्रीड कोर्टात गेले. आपल्या कृतीचा उपयोग पासंगासारखा व्हावा, हे त्यांना मान्य नव्हते.

‘नेटवर्क’ची कथा आता सर्वपरिचित आहे. प्रेक्षक घटले म्हणून नोकरीवरून काढलेला हॉवर्ड बील हा वृत्तनिवेदक कॅमेऱ्यासमोर आत्महत्येची घोषणा करतो. प्रेक्षक वाढतात. त्याच्या मनाचा तोल गेला आहे हे सर्वांना दिसत असते. पण वेड विकले जाते म्हटल्यावर त्याच्यावर उपचार करण्याऐवजी त्याला प्रेषित बनविले जाते. बातमी विभाग करमणुकीच्या ताब्यात जातो. दहशतवाद्यांच्या टोळीशी कार्यक्रमाचे करार होतात, आणि त्या बैठकीत क्रांतीपेक्षा नफ्याच्या वाटणीवर अधिक भांडण होते. अखेर बीलचे प्रेक्षक पुन्हा घटतात, तेव्हा चालकमंडळ त्याला कॅमेऱ्यासमोरच ठार करण्याचा निर्णय घेते.

१९७६ साली अनेक पत्रकारांनी हे अतिशयोक्त विडंबन मानले. पण चायेफ्स्की दूरचित्रवाणी आतून ओळखत होता. लिहिण्यापूर्वी त्याने बातमी विभागांत वावरून तेथील बोली व व्यवहार न्याहाळले होते. त्याने भविष्य वर्तविले, असे आज सर्रास म्हटले जाते. ते खरे पाहता तितकेसे अचूक नाही. त्याने एक हिशेब मांडला. बातमीचे मोल प्रेक्षकसंख्येवर ठरू लागले, तर सत्य आणि वेड यांत मालकाला फरक करण्याचे कारणच उरत नाही. हा हिशेब एकदा पटला की, पुढचे सारे ओघाने येते. ४० वर्षांनंतर, २०१७ साली, लंडनच्या नॅशनल थिएटरने याच पटकथेचे नाटक केले, तेव्हा प्रेक्षकांना ते जुने वाटले नाही, यात म्हणूनच नवल नाही.

या चित्रपटाचा दिग्दर्शक सिडनी ल्युमेटही थेट नाटकांच्या काळातून आलेला होता. नाटकाप्रमाणे आधी तालमी आणि मग चित्रण ही त्याची पद्धत. चायेफ्स्की चित्रणस्थळी सतत हजर असे, पण दोघांचे नाते मालक-नोकराचे नव्हते. नवरा-बायकोच्या ताटातुटीच्या प्रसंगात चायेफ्स्की काही सुचवू लागला, तेव्हा घटस्फोटाचा अनुभव तुझ्यापेक्षा मला अधिक आहे, असे म्हणून ल्युमेटने त्याला थांबविले. आणि तो थांबला. त्या एका प्रसंगातील काही मिनिटांच्या अभिनयासाठी बिअट्रिस स्ट्रेटला ऑस्कर मिळाले. पीटर फिंच, फे डनअवे आणि स्वतः चायेफ्स्की हे त्या वर्षीचे अन्य मानकरी. फिंच जानेवारी १९७७ मध्येच वारला होता. त्याच्या वतीने पारितोषिक घेण्यास आलेल्या चायेफ्स्कीने फिंचच्या पत्नीला व्यासपीठावर बोलावून ते तिच्या हाती दिले.

पुढच्या वर्षी याच समारंभात व्हॅनेसा रेडग्रेव्हने पारितोषिक स्वीकारताना राजकीय भाषण केले आणि झायोनिस्टांवर कडक शब्दांत टीका केली. काही वेळाने व्यासपीठावर आलेल्या चायेफ्स्कीने तिला जाहीर समज दिली. पारितोषिक मिळणे ही काही इतिहास घडविणारी घटना नव्हे आणि साधे आभार पुरले असते, असा त्याचा सूर होता. इस्रायलविषयी त्याला असलेला जिव्हाळा पाहता त्याचा संताप समजू शकतो. तरीही जन्मभर आपल्या वाक्याला कुणी कात्री लावू नये म्हणून झगडलेल्या लेखकाने दुसऱ्याने किती बोलावे हे सांगावे, यातील विसंगती नजरेआड करता येत नाही.

शब्द आणि स्वर

यानंतर ‘ऑल्टर्ड स्टेट्स’. मानवी मनाच्या मुळाशी जाऊ पाहणाऱ्या एका शास्त्रज्ञाची ही कथा चायेफ्स्कीने १९७८ साली आधी कादंबरीरूपाने प्रसिद्ध केली. चित्रपटासाठी ठरलेला आर्थर पेन हा दिग्दर्शक मतभेदांमुळे निघून गेला आणि त्याच्या जागी केन रसेल आला. तोही तितकाच हट्टी, आणि दृश्यांच्या आतषबाजीसाठी प्रसिद्ध. शब्द बदलायचे नाहीत ना, ठीक. रसेलने नटांना ते भराभर बोलायला लावले. कुठे तोंडात घास असताना, कुठे एकमेकांच्या बोलण्यावर बोलणे चढवून. लेखकाने ज्यावर जीव टाकला होता, ती वाक्ये पार्श्वभूमीच्या कोलाहलासारखी ऐकू येऊ लागली. चायेफ्स्की भांडला, निघून गेला आणि शेवटी त्याने नाव काढून घेतले.

चायेफ्स्कीच्या साऱ्या लढ्याचे मर्म या प्रसंगात आहे. करार शब्दाचे रक्षण करू शकतो. स्वराचे करू शकत नाही. लेखक आणि दिग्दर्शक यांत विश्वास असेल, तर ‘नेटवर्क’मध्ये दिसले त्याप्रमाणे करार खिशातच राहतो. विश्वास नसेल, तर करारातील प्रत्येक अक्षर पाळूनही नाटक मारता येते. म्हणून चायेफ्स्कीचा आग्रह व्यर्थ ठरतो का? तसे नव्हे. करार नसता तर ‘मार्टी’चा शेवट कुणीतरी बदलला असता आणि ‘नेटवर्क’मधील लांबलचक भाषणे सर्वप्रथम कापली गेली असती. कराराने लेखकाला खोलीत बसण्याची जागा मिळवून दिली. तेथे संवाद जमणे न जमणे हे माणसांवर अवलंबून होते.

दस्तऐवजातील शब्दांवर त्याची केवढी श्रद्धा होती, याची एक आठवण त्याचे मित्र सांगत. १९७४ साली नृत्यदिग्दर्शक बॉब फॉसी हृदयविकाराने इस्पितळात होता. त्याच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करण्यास चायेफ्स्कीला सांगण्यात आले. न वाचता सही करणार नाही, असे म्हणून त्याने ते आरंभापासून वाचून काढले. त्यात आपल्याला काहीच ठेवलेले नाही हे पाहून त्याने फॉसीला एक सणसणीत शिवी हासडली आणि मग जगच, असे फर्मावले. फॉसी जगला. सात वर्षांनी चायेफ्स्कीच्या अंत्यविधीला तो उठला आणि मित्राला दिलेला शब्द पाळण्यासाठी शोकाकुल मंडळींसमोर काही क्षण नाचला. तो शब्द कोणत्याही कागदावर लिहिलेला नव्हता.

चायेफ्स्कीने मिळविलेला अधिकार त्याचा एकट्याचा होता. त्याच्याबरोबरच तो गेला. अमेरिकन पटकथाकारांना स्वामित्व आजही मिळालेले नाही. संघटनेच्या बळावर त्यांनी श्रेय ठरविण्याचा हक्क आणि पुनःप्रक्षेपणाचा मोबदला मिळविला, हे खरेच. २०२३ साली त्यांनी १४८ दिवसांचा संप केला, तेव्हा लेखकाच्या जागी यंत्राने लिहिलेला मजकूर चालणार नाही, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती आणि त्या बाबतीत काही संरक्षणे त्यांच्या पदरात पडली. पण मूळ प्रश्न तोच राहिला आहे. लिहिणारा हा कर्ता आहे की पुरवठादार? चायेफ्स्कीने आपल्यापुरते त्याचे उत्तर दिले होते. शब्द त्याला राखता आला. त्याचा अर्थ राखता आला नाही, तेव्हा ज्याच्यावर मालकाची सत्ता चालत नव्हती ती एकच गोष्ट त्याने परत घेतली. ती म्हणजे सैन्यातल्या एका थापेतून मिळालेले, आणि पुढे लेखणीने खरे करून दाखविलेले, आपले नाव.